मोकळ्या टोकांची गोधडी

यंदा थंडी जरा लवकरच आली. पुंडलिकनगरातल्या या घराच्या खिडक्या मोठ्या, काचेच्या, आणि त्यांच्या फटींतून वारा असा आत येतो की जणू मलाच शोधत आलाय. परवा नात सना माझ्यासाठी रजई घेऊन आली. प्लॅस्टिकच्या पिशवीत, चेन लावलेली. वर गुलाब छापलेले, एकेक गुलाब ताटाएवढा. मी हात फिरवला, नाकाशी धरली. वासच नाही. रजईला वास नाही म्हणजे काय! सरकीचा नाही, उन्हाचा नाही, कुणाच्या चुलीचा नाही.

"दादी, मशीनमध्ये धुता येते," ती म्हणाली.

"व्हय गं बाई, पण हिला शिवली कुणी?"

ती हसली. तिला वाटलं, दादीचं चऱ्हाट सुरू झालं. झालंच होतं.

आम्ही पिंजारी. शहागंजच्या मागच्या गल्लीत आमचं घर होतं, पण त्याला घर म्हणायचं ते पावसाळ्या-उन्हाळ्यापुरतं. दसरा झाला, वाटांवरचा चिखल वाळून कडक झाला, शेतकऱ्यांच्या ओसरीवर कापसाचे ढीग लागले, की आमची बैलगाडी जुंपायची. दौलताबादचा किल्ला मागं टाकायचा, लासूर करायचं आणि मग वैजापूरकडच्या गावागावांत मुक्काम करत होळीपर्यंत फिरायचं. निजामाचं राज्य होतं तेव्हा, रस्ते म्हणजे नुसते गाडीवाटांचे खड्डे. सामान ते किती! कापूस पिंजायची धुनकी, सुयांची डबी, गेरूची वाटी, माझ्या सासूची कात्री, एक तवा, एक मडकं, आणि बसायला खाली एक जुनी जाड वाकळ. त्या वाकळेचं पुढं सांगते.

लग्न होऊन आले तेव्हा ही फिरती मला ठाऊकच नव्हती. माहेर माझं चांगलं चार भिंतींतलं. पहिल्याच मुक्कामाला चिंचेखाली भाकरी थापताना मला रडू फुटलं. सासूला मी अम्मा म्हणायची. अम्मांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "रो ले गे, रो ले. पन भाकर जलने नक्को दे." मी रडता रडता भाकरी उलटली.

आमचे हे धुनकी धरायचे. तिच्या ताणलेल्या तारेवर, तातीवर, ठोका पडला की धुन्न्-तक्, धुन्न्-तक् असा आवाज गावभर जायचा आणि लोकांना कळायचं, पिंजारी आले. कापूस उडायचा, उन्हात तरंगायचा, संध्याकाळी यांच्या मिशा, भुवया, पापण्या सगळ्या पांढऱ्या. मी म्हणायची, "म्हातारपणी कसे दिसाल ते मला आत्ताच कळलं." ते नुसते हसायचे. बोलायचं काम त्यांनी धुनकीवरच सोडलं होतं.

पण गिऱ्हाईक यायचं ते अम्मांकडं. जैनबबीच्या हाताची रजई म्हणून. अम्मांचं म्हणणं, माणूस बाराही महिने सारखा झोपत नाही, मग त्याला एकच पांघरूण कसं चालेल? पावसाळ्याची दुलई त्या पातळ करायच्या, टाक्यांच्या ओळी चार-चार बोटांवर, म्हणजे ओल धरली तरी चुलीच्या धगीवर लवकर वाळावी. उन्हाळ्याच्या गोधडीत रुईच नाही, नुसते दोन जुने पदर आणि त्यांच्यावर टाक्यांची एक लांबच लांब वेल. का, तर उन्हाळ्यात माणूस अंगणात पडतो, त्याला झोप येत नाही, हाताला काही चाळा पाहिजे. बोटं वेलीवरून फिरत जातात आणि फिरता फिरता डोळा लागतो. आणि हिवाळ्याच्या रजईला वर्तुळात वर्तुळ, पायाकडं टाके दाट, छातीकडं विरळ. थंडी पायाकडून चढते आणि छातीला मोकळं लागतं, असं त्या सांगायच्या. सुतळी गेरूत बुडवून ताणायच्या, चिमटीत उचलून सोडायच्या. फट्! कापडावर लाल रेघ उमटायची. तो आवाज मला अजून स्वप्नात येतो.

आणि आमच्यात एक रीत होती. रजई पुरी करायची नाही. शेवटची वीतभर शिवण उघडी सोडायची, सुई त्यात टोचून ठेवायची, आणि शेवटचा टाका ज्याचं घर त्या घरच्या माणसानं घालायचा. आपण घातला तर रजई आपलीच राहते, म्हणायच्या अम्मा, तिथं मन लागत नाही तिचं. पाटलाची सून असो की महारवाड्यातली म्हातारी, सगळ्या तो टाका घालताना जरा गंभीर व्हायच्या. काही तर सुईला हात लावायच्या आधी डोक्यावर पदर घ्यायच्या.

मला आठवतो तो हिवाळा लढाईतला. कुठली लढाई, कुणाची, आम्हाला काय ठाऊक! आम्हाला एवढंच कळलं की कापड गायब झालं. कंट्रोल आला. शहागंजात कंट्रोलच्या दुकानापुढं रांगा, आणि खेड्यांत त्याही नाहीत. बायकांना एक लुगडं अंगावर आणि एक वाळत, तेही दंड घातलेलं, दोन फाटक्यांचं मिळून एक. घरोघर कापूस होता, पण गोधडी काय नुसत्या कापसाची होते? जुनं कापड लागतं. मऊ, धुऊन धुऊन विरलेलं, घरच्या अंगांची सवय असलेलं. ते कुणी द्यायलाच तयार नव्हतं, कारण तेच अंगावर होतं. आम्ही गावात शिरायचो, धुनकी वाजायची, पोरं जमायची, आणि बाया दारात उभ्या राहून नुसत्या बघायच्या. तो हिवाळा असा गेला, दारोदार आणि गप्प. आणि थंडी तर काय सांगू, सकाळी बैलांच्या पाठीवर दव साचायचं.

वैजापूरच्या अलीकडं एक गाव आहे. नाव नाही सांगत, तिथं ती माणसं अजून नांदतात. तिथल्या ठकूबाईंनी आम्हाला हाक मारली. कुणबी घर, दोन बैलांचं. घरात ठकूबाई, त्यांची सून चंद्रभागा आणि सुनेच्या काखेला एक खोकणारं लेकरू. ठकूबाईंनी एक गाठोडं आणून अम्मांपुढं टाकलं. आत पुरुषाचे कपडे. धोतर, पटका, दोन बंड्या. घडी घातलेले, मधे कडुलिंबाचा पाला.

"घे जैनबबी, लाव कात्री," ठकूबाई म्हणाल्या. "नातवाचा खोकला जात नाय. एक जाड गोधडी करून दे."

"कुणाचे हायेत?" अम्मांनी विचारलं.

"रंगनाथचे. माझ्या लेकाचे. लढाईवर गेला."

अम्मांनी उचललेली कात्री खाली ठेवली. "जिता हाय ना?"

"दोन वरसं झाली. खबर नाय, बात नाय. मला काय विचारती?"

आता ही दुसरी रीत. मेलेल्या माणसाचा कपडा गोधडीत घालतात, त्याची ऊब राहते म्हणून. घरात असलेल्याचाही घालतात. पण जो वाटेवर आहे, घराबाहेर आहे, त्याच्या कपड्याला कात्री लावायची नाही. कापला म्हणजे घरानं त्याची वाट बघणं सोडलं. हे आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही कळायचं. चंद्रभागा पिंजाऱ्याची नव्हती, पण तिलाही ते कळलं होतं.  लेकरू घेऊन आली आणि सरळ त्या धोतराच्या घडीवर बसली.

"ऊठ," ठकूबाई म्हणाल्या.

"नाय उठत."

"लेकरू कुडकुडतंय अन् ही कपडे उबवत बसली!"

"त्येंनी आल्यावर काय नेसायचं?" चंद्रभागा म्हणाली. आवाज एवढासा.

आणि मग ठकूबाईंचा बांध फुटला. "मी आई हाय त्याची! मला काय हौस आलीय व्हय? पोराला मी नऊ महिने पोटात वागवलं अन् त्याचं धोतर फाडायला मला ग्वाड लागतंय? पण हे लेकरू बी त्याचंच हाय ना गं! तो आला अन् ह्ये नसलं, तर काय त्वांड दाखवू त्याला?"

 आमच्या यांची धुनकी थांबली. मी खाली बघत राहिले, कारण दोघींचंही खरं होतं. मला त्या लेकराचा खोकला ऐकवत नव्हता आणि त्या सुनेकडं बघवत नव्हतं. अम्मा एवढंच म्हणाल्या, "आज नको. उद्या करू."

दुसऱ्या दिवशी सकाळी चिंचेखाली अम्मा गाडीतली ती जुनी वाकळ अंथरून बसल्या. गेरूची सुतळी हातात, पण रेघ काही मारेनात. मी म्हटलं, "अम्मा, एवढी काय ती रीत! पोरगं आजारी हाय. लावा कात्री."

अम्मांनी बोट टेकवलं, वाकळेतल्या एका तुकड्यावर. निळ्या पट्ट्यांचं कापड, जीर्ण झालेलं. असे तुकडे त्या वाकळेत ठिकठिकाणी होते. मी त्यांच्यावर किती वेळा बसले होते, कांदे चिरले होते.

"मैं लगाई थी कैंची," त्या म्हणाल्या. "ये तेरे सासऱ्याचा सदरा."

सासऱ्यांना मी कधी पाहिलं नव्हतं. ते सोलापूरच्या गिरणीत रुईच्या खात्यावर कामाला गेले, एका ईदला आले आणि पुन्हा आलेच नाहीत, एवढं ठाऊक होतं. हे ठाऊक नव्हतं की ते गेल्यावर तिसऱ्या हिवाळ्यात आमचे हे तापानं फणफणले होते, लहानगे होते तेव्हा, आणि घरात दुसरं काही नव्हतं म्हणून अम्मांनी सासऱ्यांचा एकुलता एक ठेवणीतला सदरा कापून वाकळेत घातला. पोरगं वाचलं. माणूस आला नाही. कुणी त्यांना बोल लावला नाही, पण त्यांनी स्वतःला लावला तो कायमचा. लोकांचं वाट बघणं त्या राखत फिरायच्या, स्वतःचं तेवढं कापून टाकलं होतं.

"कपड्यामुळं कोणी यायचं राहतंय व्हय, अम्मा?" मी म्हटलं.

"नाय राहत," त्या म्हणाल्या. "मालूम है मेरे कू. पन मालूम होनेसे क्या होता गे?"

मग एकदम उठल्या. सुतळी ताणली. "चल," म्हणाल्या. "कैंची नक्को. सुई ला."

ती गोधडी मी जन्मात विसरणार नाही. ठकूबाईंनी आपलं वाळतीवरचं लुगडं दिलं, त्याचा एक पदर खाली, एक वर, मधे रुईचा पातळ थर आणि त्यात ते धोतर आणि पटका अख्खेच्या अख्खे, घड्यांनी पसरलेले. कुठंही फाडलं नाही, कुठं कातरलं नाही. बंड्याही तशाच आडव्या. आणि टाके घातले ते हिवाळ्याचेच, पण गोल नाहीत, सरळ. प्रत्येक ओळीला दोरा वेगळा आणि दोऱ्याला गाठ नाही. दोन्ही टोकं काठाबाहेर बोटभर मोकळी. मी सवयीनं गाठ मारायला गेले की अम्मा हातावर चापट मारायच्या. "गाँठ नक्को मार!" संध्याकाळपर्यंत माझा हात लाल.

गोधडी पाहून ठकूबाई म्हणाल्या, "ही गोधडी हाय का झालर गं?"

अम्मांनी चंद्रभागेला जवळ बसवलं. "बघ पोरी. टोक धरून ओढलं की दोरा सगळा निघतो. तुझा माणूस आला की एकेक दोरा ओढ. धोतर जसंच्या तसं बाहेर निघंल. आता रोज सकाळी घडी घालताना टोकं सारखी करत जा, नाय तर दोरे आत सरकतील."

"अन् नाय आले तर?" चंद्रभागेनं विचारलं. सासू आत गेल्यावर विचारलं.

"तर सरकू दे," अम्मा म्हणाल्या.

त्या घरात शेवटचा टाका कुणी घातला नाही. वीतभर उघडीच ठेवली, सुई टोचलेली. लेकरू त्या गोधडीत शिरलं ते दुसऱ्या दिवशी सूर्य वर येईपर्यंत उठलंच नाही. आम्ही गाडी जुंपली तेव्हा चंद्रभागा ओसरीवर बसून टोकं सारखी करत होती, एकेक, केस विंचरावेत तशी.

मग ते वर्ष सरलं. होळी झाली, उन्हाळा झाला, पावसाळ्याच्या दुलया शिवत आम्ही शहागंजात बसलो. पावसात घरी बसलं की अम्मांची चिडचिड व्हायची, त्या वर्षी जास्त. दुलईवर रेघ मारता मारता मधेच म्हणायच्या, "टोकं सारखी करत असंल ना गे?" मी म्हणायची, "करत असंल." लढाई संपल्याचं ऐकलं. दसऱ्याला निघालो तेव्हा लासूरच्या स्टेशनाबाहेर अम्मांनी गाडी थांबवायला लावली. रेल्वेतून खाकी कपड्यांतली माणसं उतरत होती. अम्मा प्रत्येकाकडं बघत बसल्या. रंगनाथला त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं! आमचे हे सुद्धा तेव्हा बोलले, "अम्मा, ओळखणार कशी?" त्या पुढच्या डब्याकडं बघायला लागल्या. मला वाटतं, त्या एकट्या रंगनाथला बघत नव्हत्या.

वाटेतली गावं सोडून गाडी त्यांनी सरळ त्या गावाला घ्यायला लावली. ज्वारी निसवली होती, सकाळचं ऊन कोवळं होतं. गावाच्या अलीकडं विहिरीवर एक माणूस मोट जुंपत होता. वाळलेला, गालफडं बसलेली, केस बारीक. आम्ही जवळ आलो तशी त्याची पाठ उन्हात आली, आणि मी अम्मांचा हातच धरला. त्याच्या धोतरावर, मांडीपासून घोट्यापर्यंत, सरळ रेषेत बारीक बारीक भोकं होती. ओळीमागं ओळ. माझे टाके होते ते. वाकडी ओळ कुठली तेही मी सांगितलं असतं.

गाडी चालती असतानाच अम्मा उतरल्या. त्या वयात! धावत गेल्या आणि त्या परक्या माणसाच्या पायाशी बसून धोतराला हात लावला. तो दचकला. "कोन पायजे, मावशी?"

"थंडी वाजते का रे यातून?" अम्मांनी विचारलं.

त्यानं भोकांकडं पाहिलं, अम्मांकडं पाहिलं, गाडीतल्या धुनकीकडं पाहिलं. त्याला उमगलं. "नाय मावशी," तो म्हणाला. "धुतल्यावर बुजतील म्हनली कारभारीन. मीच म्हनलं, राहू दे." आणि मोटेचा दोर हातात तसाच धरून तो रडायला लागला. मोठा माणूस, लढाई बघून आलेला.

घरी चंद्रभागा हसत होती, रडत होती, तिला काही धड बोलता येत नव्हतं. ठकूबाईंनी गूळ आणला आणि अम्मांच्या तोंडात कोंबला, कोण कुठली, विटाळ होतो का, काही न बघता. मग चंद्रभागेनं कोनाड्यातून एक काडी आणली. तिच्यावर ते सगळे दोरे गुंडाळलेले. "टाकवले नाय, मावशी," ती म्हणाली. "तुमचे तुमाला."

अम्मांनी ते घेतले. दिवसभर त्या आनंदात होत्या, पोराला मांडीवर घेऊन बसल्या, चेष्टा केली. पुढच्या मुक्कामाला मी भाकरी करत होते आणि मला उसवण्याचा आवाज आला. अम्मा वाकळ उसवत होत्या. ती, गाडीतली. निळ्या पट्ट्यांचे तुकडे एकेक करून सोडवत होत्या, झटकत होत्या, मांडीवर सरळ करत होत्या. मी भाकरी थापत राहिले.  आमचे हे धुनकी घेऊन लांब जाऊन बसले, आणि ती वाजवलीच नाही.

उरलेला हिवाळाभर, वाटेवर, गाडीच्या हादऱ्यांत, अम्मा तो सदरा जोडत होत्या. त्या काडीवरच्या दोऱ्यांनी. दोरे एका गोधडीतून ओढून काढलेले, मुरड पडलेले, सुईत सरळ जायचे नाहीत. कापड इतकं विरलेलं की टाका धरायचं नाही. एका बाहीचा तुकडा कुठंच सापडला नाही, झिजून गेला होता. तिथं त्यांनी स्वतःच्या ओढणीचा तुकडा लावला. होळीला घरी आलो तेव्हा सदरा झाला होता. नुसता शिवणींचा, पण सदरा. खुंटीवर टांगला. मी जवळ जाऊन पाहिलं तर काखेखाली वीतभर शिवण उघडी, आणि तिच्यात सुई टोचलेली.

"अम्मा, हे राहिलं," मी म्हटलं.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "वो आके डालेंगे."

ते आले नाहीत. निजामाचं राज्य गेलं, धुनकी गेली, गाडी गेली, बैल विकले. पुढं अम्मा गेल्या, त्याही थंडीतच. शेवटी शेवटी त्यांचा हात रजईवरून फिरायचा, वर्तुळं शोधायचा. मी त्यांच्या अंगावर उन्हाळ्याची वेलीची गोधडी टाकली, तेव्हा कुठं तो हात शांत झाला. मग यांचेही केस खरंच पांढरे झाले, आणि मी म्हणाले होते तसेच ते दिसायला लागले. मग तेही गेले. सदरा खुंटीवरून पेटीत आला आणि पेटी माझ्याबरोबर पुंडलिकनगरात.

काल सनाला मीच ती पेटी उघडायला लावली. म्हटलं बघ, वास कशाला म्हणतात. तिनं सदरा उचलला, दोन्ही हातांवर धरला, जपून. हुशार आहे पोरगी.

"दादी, हे इथं उसवलंय. शिवून देऊ?"

"उसवलं नाही. शिवायचं राहिलंय."

"कुणी शिवायचं राहिलंय?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, तुम्हाला सांगितलं तसं. तिनं त्या उघड्या शिवणीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "पण आता कोण येणार आहे, दादी?"

कोणी नाही. ते मलाही कळतं. अम्मांनाही कळत होतं, आणि तरी त्या वर्षानुवर्षं त्या सुईवरचा गंज पुसायच्या, खोबरेल तेलाचं बोट लावून. त्यांच्यामागं मी पुसते. माझ्यामागं कोण पुसेल?

 मी सदरा घडी घालायला हात पुढं केला, तर तिनं तो दिला नाही. उठून आत गेली आणि स्वयंपाकघरातून खोबरेल तेलाची बाटली घेऊन आली.